आयसीडी-११ कडे वळताना: नव्याने काम सुरू करणाऱ्या मानसोपचार व्यावसायिकांसाठी

दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एका पेशंटच्या भावाने मला विचारलं, "मॅडम, चार वर्षांपूर्वीच्या कागदावर 'पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया' आहे. आता नुसतं 'स्किझोफ्रेनिया', आणि पुढे 'मल्टिपल एपिसोड्स'. म्हणजे आजार वाढला का?" भाऊ एसटीत कंडक्टर. दोन्ही कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता आणले होते. आजार वाढला नव्हता. पेशंट वर्षभर नियमित गोळ्या घेत होता आणि पुन्हा किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसायला लागला होता. बदललं होतं ते निदानाचं पुस्तक. पण हे त्या घराला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं आमचं काम होतं.

मी साताऱ्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. आमच्याकडे एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, मी, एक मानसोपचार समाजकार्यकर्ती आणि एक समुपदेशक अशी चौघांची टीम आहे. आम्ही आजारांच्या जुन्या वर्गीकरणातून (आयसीडी-१०) नव्या वर्गीकरणात (आयसीडी-११) आलो तेव्हा आमच्याकडून चुका झाल्या आणि त्यातल्या काही पेशंटला भोवल्या. तुम्ही नुकतंच एमडी किंवा एम.फिल. संपवून ओपीडीत बसायला लागला असाल, तर त्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. पेशंटांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.

१. कुठलं पुस्तक कशासाठी, हे आधी ठरवा

आपल्या कामात दोन वर्गीकरणं चालतात. एक जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी, दुसरं अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचं डीएसएम. आयसीडी-१० ला १९९० मध्ये मान्यता मिळाली, आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्यातल्या मानसिक आजारांच्या, 'एफ' ने सुरू होणाऱ्या कोडवरच शिकलो. आयसीडी-११ ला जागतिक आरोग्य सभेने मे २०१९ मध्ये मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आलं. मानसिक आजारांच्या प्रकरणाचं सविस्तर निदान-मार्गदर्शन मात्र मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. डीएसएम-५ हे २०१३ चं, त्याची सुधारित आवृत्ती २०२२ ची.

भारतात कायद्याचं बोट आयसीडीकडे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार मानसिक आजार ठरवताना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली वैद्यकीय मानकं वापरायची, त्यात आयसीडीची ताजी आवृत्ती धरायची, आणि ही मानकं केंद्र सरकारने अधिसूचित करायची. म्हणून सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, विम्याचा फॉर्म, कोर्टाचा अहवाल यांवर आयसीडीच लिहा. संशोधनाचा प्रबंध डीएसएमवर असेल तर तो प्रबंधापुरता ठेवा.

इथला सापळा म्हणजे दोन्ही पुस्तकांची भेसळ. स्किझोफ्रेनियाला आयसीडीत लक्षणं एक महिना असावी लागतात, डीएसएममध्ये आजाराचा एकूण काळ सहा महिने. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला आयसीडी-११ मध्ये सहा महिने पुरतात, डीएसएमच्या सुधारित आवृत्तीत मोठ्यांसाठी बारा. निकष एका पुस्तकातून आणि कोड दुसऱ्यातून असा कागद एखाद्या वकिलाच्या हाती लागला, तर साक्षीच्या पिंजऱ्यात तुमच्याकडे उत्तर नसेल.

२. हाताशी काय हवं

यातलं बरंचसं फुकट मिळतं.

- आयसीडी-११ चा ऑनलाइन ब्राउझर आणि कोड शोधण्याचं साधन. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.
- २०२४ चं निदान-मार्गदर्शन, पीडीएफ स्वरूपात. पूर्ण पुस्तक उतरवून ठेवा. गाव भागात कॅम्पला गेल्यावर नेट मिळेलच असं नाही.
- आयसीडी-१० आणि आयसीडी-११ यांच्या कोडची जुळणी दाखवणारे तक्ते. हे फक्त दिशा कळण्यापुरते वापरा. कारण तिसऱ्या पायरीत येईल.
- मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाची प्रत. किमान कलम ३, २१, २३ आणि २५ वाचलेली हवीत.
- केसपेपरवर दोन्ही कोड लिहायला जागा. आम्ही रबरी शिक्का करून घेतला: जुना कोड, नवा कोड, फेरतपासणीची तारीख, सही.
- पेशंटच्या लेखी संमतीचा मराठी फॉर्म.

कोड लिहिताना एक लक्षात ठेवा. आयसीडी-११ च्या कोडमध्ये दुसरं स्थान कायम अक्षराचं असतं आणि तिसरं आकड्याचं. 'ओ' आणि 'आय' ही अक्षरं मुद्दाम वापरलेलीच नाहीत, म्हणजे शून्य आणि एक यांच्याशी घोटाळा होऊ नये. तरी घाईत लिहिलेला 'बी' आठसारखा दिसतो. ६बी४१ लिहिलंय की ६८४१, हे मेडिकल रेकॉर्डवाल्या मुलीला कळेना म्हणून एक फाइल आमच्याकडे पंधरा दिवस अडकली होती. कोडसोबत आजाराचं नाव पूर्ण अक्षरांत लिहा, दर वेळी.

३. जुन्या फायलींचं सरसकट भाषांतर करू नका

आमची सर्वांत मोठी चूक इथे झाली. दिवाळीच्या सुट्टीत बसून आम्ही जुळणीच्या तक्त्यावरून जवळपास सगळ्या चालू फायलींवर नवे कोड टाकले. काम झटपट झालं आणि चुकीचं झालं.

तक्ता शब्दाला शब्द लावतो. निकष बदललेले असतात ते त्याला दिसत नाहीत. उदाहरण घ्या. आयसीडी-१० मध्ये बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारा आजार) म्हणायला किमान दोन एपिसोड, म्हणजे झटके, लागायचे. एकच उन्मादाचा झटका आला असेल तर तो एफ ३० मध्ये, 'मॅनिक एपिसोड' म्हणून जायचा. आयसीडी-११ मध्ये एकच मॅनिक किंवा मिश्र एपिसोड बायपोलर प्रकार एकसाठी, म्हणजे ६ए६० साठी, पुरेसा आहे. शिवाय एपिसोड ठरवताना फक्त मूड चढलेला असून भागत नाही. हालचाल, काम किंवा अंगातली शक्ती वाढल्याचंही दिसावं लागतं. आता चार वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर नुसतं 'मूड एलेटेड, स्लीप डिक्रीज्ड' एवढंच असेल, तर तक्ता पाहून तुम्ही ६ए६० लिहिणार का? त्या ओळीवर माणसाच्या माथी आयुष्यभराचं नाव लागतं. पेशंटला बोलवा, घरच्यांना बोलवा, त्या दिवसांबद्दल पुन्हा विचारा.

आम्ही आता असं करतो. पेशंट फॉलोअपला येईल तेव्हाच त्याची फाइल बदलायची. त्या दिवशी वीस मिनिटं जास्त द्यायची. नव्या निकषांवर पुन्हा तपासायचं. जुळलं तर दोन्ही कोड, नाही जुळलं तर जुना कोड तसाच आणि पुढे 'फेरतपासणी बाकी' अशी नोंद. जुनं निदान खोडायचं नाही, त्यावर पांढरी शाई तर मुळीच लावायची नाही. त्या वेळच्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होतं, आणि तीही वैद्यकीय नोंदच आहे.

४. जिथे हात थांबतो ती ठिकाणं

सगळी यादी देत नाही, पुस्तक तुमच्याकडे आहेच. रोजच्या ओपीडीत जिथे अडायला होतं तेवढं सांगते.

*स्किझोफ्रेनिया.* पॅरानॉइड, हेबेफ्रेनिक, कॅटॅटॉनिक हे उपप्रकार गेले. त्यांच्या जागी दोन गोष्टी आल्या: आजाराची चाल (पहिला एपिसोड, अनेक एपिसोड, सलग) आणि लक्षणांचे सहा गट, प्रत्येकाची तीव्रता वेगळी नोंदवायची. सकारात्मक, नकारात्मक, नैराश्याची, उन्मादाची, हालचालींची आणि आकलनाची लक्षणं. हा बदल मला मनापासून पटतो. घरचे सांगतात, "आवाज ऐकू येत नाहीत आता, पण दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, आंघोळीला ढकलावं लागतं." पूर्वी हे 'पॅरानॉइड, सुधारणा' या दोन शब्दांत दडून जायचं. आता नकारात्मक लक्षणांपुढे तीव्रता लिहावी लागते, म्हणजे पुनर्वसनाचा विचारही करावा लागतो. कॅटॅटोनियाला, म्हणजे हालचाल-बोलणं गोठल्यासारखं होण्याला, स्वतंत्र जागा मिळाली आहे, कारण तो मूडच्या आजारांतही दिसतो.

*नैराश्य.* आता दहापैकी किमान पाच लक्षणं, त्यांत उदास मन किंवा कशातच रस नसणं यांपैकी एक असलंच पाहिजे, काळ दोन आठवडे. आशाच उरली नसल्याची भावना हे लक्षण यादीत नव्याने आलं आहे. आपल्याकडे पेशंट 'मी उदास आहे' असं क्वचित म्हणतो. "जीव रमत नाही", "छातीत धस्स होतं", "कशाला जगायचं असं वाटतं" असं म्हणतो. निकषाचे शब्द नाही, ही वाक्यं तशीच केसपेपरवर उतरवा. पुढे फेरतपासणीच्या वेळी तीच उपयोगी पडतात.

*शोक.* दीर्घकाळ न ओसरणारा शोक, ६बी४२, हे निदान नवं आहे. काळ किमान सहा महिने, पण त्यासोबत एक अट आहे: तो शोक त्या माणसाच्या संस्कृतीत, धर्मात, समाजात जे साहजिक मानलं जातं त्याच्या स्पष्टपणे पलीकडचा हवा. आपल्या कित्येक घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत सण करत नाहीत. पहिल्या दिवाळीला फराळाची कढई चढत नाही. सातव्या महिन्यात एखादी बाई पतीचा फोटो पुसताना रडते, हा आजार नाही. तिने सहा महिन्यांत घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, त्याचे कपडे रोज धुऊन वाळत घालते, जेवण दोघांचं वाढते आणि लेकरांकडे बघतही नाही, तर थांबून तपासायला हवं. घरातल्या मोठ्या बायकांना विचारा, "तुमच्याकडे इतके दिवस असं चालतं का?" कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा हा प्रश्न मला जास्त सांगून गेला आहे.

*आघात.* पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर होणारा विकार, आता तीन खांबांवर उभा आहे: घटना आत्ताच घडतेय असं पुन्हा अनुभवणं, ती टाळणं, आणि अजूनही धोका आहे असं सतत वाटणं. कॉम्प्लेक्स पीटीएसडी, ६बी४१, वेगळा दिला आहे. त्यात या तिन्हींच्या जोडीला भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल खोल लाज आणि कमीपणा, आणि नाती टिकवता न येणं असतं. वर्षानुवर्षं घरात मार खाल्लेल्या बायका आणि लहानपणी अत्याचार सोसलेली मुलं या निदानात बसू शकतात. पूर्वी त्यांच्या फायलींवर बऱ्याचदा व्यक्तिमत्त्वविकाराचा शिक्का असायचा.

*व्यक्तिमत्त्वविकार.* इथे सगळ्यांत मोठी उलथापालथ आहे. आयसीडी-१० मध्ये वेगवेगळ्या नावांची रांग होती. आता निदान एकच, ६डी१०, आणि त्याची पायरी: सौम्य, मध्यम, तीव्र. मग हवं तर स्वभावाचे ठळक पैलू लिहायचे: नकारात्मक भावनांचा जोर, अलिप्तपणा, इतरांची पर्वा नसणं, आवर न राहणं, अतिकाटेकोरपणा. बॉर्डरलाइनचा पॅटर्न स्वतंत्रपणे नोंदवता येतो. अडचण साधारण दोन वर्षं किंवा जास्त टिकलेली हवी.

या बदलाबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण माझा राग यात आहे. 'हिस्ट्रिऑनिक' (लक्ष वेधून घेणारा, नाटकी स्वभाव) हा जुन्या यादीतल्या व्यक्तिमत्त्वविकाराचा शब्द मी वॉर्डात शिव्यांसारखा वापरलेला ऐकला आहे. रात्रपाळीला मोठ्याने रडणारी मुलगी आली की कुणीतरी म्हणायचं, "हिस्ट्रिऑनिक आहे, लक्ष देऊ नका." तेविशीतली एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या फाइलवर हाच शब्द होता. तिच्या मनगटावर जुन्या जखमांच्या बारीक रेषा होत्या, आणि बोलताना ती बाही सतत खाली ओढत होती. तीन भेटींनंतर तिने घरातल्या एका नातेवाइकाचं नाव घेतलं, दहा वर्षांची असल्यापासूनचं. नव्या निकषांवर तपासलं तेव्हा ६बी४१ स्पष्ट दिसत होता. नव्या वर्गीकरणात हिस्ट्रिऑनिक हे स्वतंत्र निदान नाही. ते गेलं याचा मला आनंद आहे. पण नाव गेलं म्हणून सवय जात नाही. 'बॉर्डरलाइन' हा शब्द तसाच वापरला जाताना दिसला, तर टीममध्ये तिथल्या तिथे बोला.

*व्यसन.* अवलंबित्वासाठी पूर्वी सहापैकी तीन लक्षणं लागायची. आता तीनपैकी दोन: पिण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी दारू येणं, आणि शरीराची सवय, म्हणजे जास्त लागणं किंवा सोडल्यावर हात थरथरणं. त्याहून मोलाचा बदल अपायकारक वापराच्या व्याख्येत आहे. पिणाऱ्यामुळे दुसऱ्याच्या आरोग्याला झालेली इजाही आता धरली जाते. "माझं लिव्हर चांगलंय, रिपोर्ट बघा," असं म्हणणाऱ्या नवऱ्याशेजारी बसलेल्या बायकोचा मोडलेला दात आता केसपेपरवर येऊ शकतो. बायकोशी वेगळं बोलल्याशिवाय हे निदान पूर्ण करू नका.

गेमिंगच्या विकारात आईबापांचा पहिला प्रश्न असतो, "दिवसाला किती तास चालतील?" तास हा निकष नाही. ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होत असूनही चालू राहणं, आणि हे साधारण बारा महिने, हा निकष आहे. बारावीच्या सुट्टीत रात्री जागणारं पोरगं या कोडमध्ये घालू नका.

*अंगात येणं.* आयसीडी-१० मध्ये भान हरपणं आणि ताबा घेतला जाणं एकाच कोडमध्ये होतं. आता ट्रान्स ६बी६२ आणि पझेशन ट्रान्स ६बी६३ असे दोन वेगळे विकार आहेत. दोन्हींत अट आहे की हे त्या समाजाने मान्य केलेल्या धार्मिक किंवा सामूहिक प्रथेचा भाग नसावं, ते नको असताना, आपोआप घडावं, आणि त्याने माणसाला त्रास किंवा जगण्यात अडथळा व्हावा. नवरात्रात देवळात अंगात येणारी, दुसऱ्या दिवशी शेतात खुरपायला जाणारी बाई पेशंट नाही. तिला कोड देऊन तुम्ही तिच्यावर अन्याय कराल. लग्न ठरल्यापासून आठवड्यातून तीनदा जात्यापाशी कोसळणारी, दुसऱ्या आवाजात बोलणारी, नंतर काही आठवत नसलेली मुलगी मात्र तपासायला हवी. भूत उतरवण्याच्या नावाखाली तिला मारहाण होत असेल, तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. अंगावर वळ दिसले तर नोंद करा आणि घरच्यांशी त्याच दिवशी बोला.

उरलेलं थोडक्यात. लिंगओळखीतील विसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे, त्यामुळे ट्रान्सजेंडर पेशंटला 'तुम्हाला मानसिक आजार आहे' असं सांगायचा प्रश्नच उरत नाही. न्यूरॅस्थेनिया हे सततच्या थकव्याचं जुनं निदान गेलं. शारीरिक त्रासाच्या नव्या निदानात 'सगळे रिपोर्ट नॉर्मल' हे सिद्ध करण्याची गरज नाही, लक्षणांकडे लागून राहिलेलं जास्तीचं लक्ष पाहायचं. अॅस्पर्गर हे नाव ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये मिसळलं.

५. चाचण्या कुठल्या पुस्तकावर बांधलेल्या आहेत ते बघा

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली डीएसएमच्या निकषांवर बांधलेली आहे. तिच्यावरचा आकडा तीव्रता मोजायला चांगला, पण तो आयसीडी-११ चं निदान होत नाही. पीटीएसडी आणि कॉम्प्लेक्स पीटीएसडीसाठी इंटरनॅशनल ट्रॉमा क्वेश्चनेअर ही आयसीडी-११ धरूनच बनवलेली आणि मोफत मिळणारी प्रश्नावली आहे. अहवालात चाचणीचं नाव, ती कुठल्या वर्गीकरणावर आहे आणि मुलाखतीतून काय आढळलं, तिन्ही वेगवेगळं लिहा.

समुपदेशक मित्रमैत्रिणींसाठी एक सूचना. तुम्ही निदानाचा कोड लिहू नका. काय दिसलं, काय ऐकलं, किती दिवसांपासून, एवढं नेमकं लिहा. चांगल्या नोंदीवरून निदान करता येतं. चुकीचा कोड एकदा फाइलवर पडला की काढताना फार यातायात होते.

६. घरच्यांना सांगा, आणि त्याच भेटीत सांगा

त्या कंडक्टर भावाला मी दिलेलं उत्तर साधारण असं होतं: "दादा, आजार तोच आहे. पूर्वी त्याचे चार-पाच प्रकार पाडायचे. जगभरच्या डॉक्टरांना दिसलं की प्रकारांनी उपचारात फारसा फरक पडत नाही आणि पेशंटही एका प्रकारातून दुसऱ्यात जातो. म्हणून आता प्रकार लिहीत नाहीत. आजार कितव्यांदा उठला आणि सध्या कसा आहे ते लिहितात. गोळ्या त्याच चालू ठेवायच्या." त्याने विचारलं, "मग जुना कागद फेकू का?" नाही. जुना कागद जपून ठेवा, हे त्याला दोनदा सांगितलं.

निदान खरोखर बदललं असेल, नुसतं नाव नाही, तर वेगळा वेळ द्या. 'बायपोलर' हा शब्द पहिल्यांदा ऐकणारा माणूस घरी जाऊन मोबाइलवर शोधतो आणि रात्रभर झोपत नाही. काय बदललं, का बदललं, औषधात फरक पडणार का, लग्न-नोकरीवर परिणाम होणार का, या चार प्रश्नांची उत्तरं त्याने विचारायच्या आधी द्या. आणि आधी पेशंटशी बोला, त्याच्या संमतीने मग घरच्यांशी. गोपनीयतेचा हक्क कलम २३ ने त्याला दिलेला आहे, सासऱ्याला नाही.

७. विमा, दिव्यांगत्व, कोर्ट

विम्यात आमच्या एका तरुण पेशंटला फटका बसला. पहिल्या वेळी डिस्चार्ज कार्डवर 'मॅनिक एपिसोड' होतं. दोन वर्षांनी पुन्हा भरती झाला तेव्हा आम्ही नव्या वर्गीकरणाप्रमाणे बायपोलर प्रकार एक लिहिलं. विमा कंपनीने क्लेम अडवला: हा वेगळा आजार आहे, तो पॉलिसी घेताना लपवला. वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून बिल भरलं. आम्ही आधीच एक पानाचं पत्र जोडलं असतं तर ही वेळ आली नसती. पत्र दिल्यावर क्लेम मिळाला, पण पाच महिन्यांनी. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायचा, हे कलम २१ मध्ये आहे. क्लेम नाकारल्याचं कारण लेखी मागा आणि उत्तरात हे कलम लिहा.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मानसिक आजारात आयडियाज ही मोजपट्टी वापरतात. ती स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम ही चार क्षेत्रं आणि आजाराचा काळ पाहते. म्हणजे माणूस किती करू शकतो हे मोजलं जातं, आणि केवळ कोड बदलला म्हणून टक्के बदलत नाहीत. नावातला फरक सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे अडचण ठरू नये म्हणून तेच पत्र इथेही द्या.

कोर्टात घटस्फोटाच्या वादात उपचारांची कागदपत्रं मागितली जातात. नवऱ्याकडचे जुनी फाइल दाखवून म्हणतात, "आधी एक आजार, आता दुसरा, म्हणजे बाई वेडीच." कायदा स्पष्ट आहे: मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी विकल मनाचं ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवायचं असतं. पेशंटला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क कलम २५ देतं. इतर कुणी मागायला आलं तर पेशंटची लेखी संमती किंवा कोर्टाचा आदेश बघितल्याशिवाय एक पानही देऊ नका.

८. पत्राचा नमुना

आम्ही वापरतो ते पत्र खाली देते. एका पानात बसतं. हवे ते बदल करून घ्या.

"संबंधितांसाठी. श्री./श्रीमती ____ यांच्यावर आमच्याकडे ____ या तारखेपासून उपचार सुरू आहेत. त्यांचे निदान आयसीडी-१० नुसार ____ (कोड ____) असे नोंदवले होते. दिनांक ____ रोजी प्रत्यक्ष फेरतपासणी केल्यानंतर ते आयसीडी-११ नुसार ____ (कोड ____) असे नोंदवले आहे. हा बदल जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची आवृत्ती बदलल्यामुळे झाला आहे. हा नव्याने सुरू झालेला आजार नाही. आजाराची पहिली नोंद ____ या तारखेची आहे. हे पत्र पेशंटच्या लेखी संमतीने दिले आहे."

फेरतपासणीत निदानच वेगळं निघालं असेल तर 'आवृत्ती बदलल्यामुळे' हे वाक्य काढा आणि खरं कारण लिहा. खाली डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख. एक प्रत फाइलला लावा, एक पेशंटच्या हातात द्या, आणि ती घडी न करता ठेवायला एक प्लॅस्टिकचं पाकीटही द्या.